भर दुपारी लावलेलं दार

छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी २०२५

रत्ना,

जय भीम. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन न करता कागद खर्ची घालतोय, कारण तुझ्या कथेच्या बाबतीत मी आता 'समिती' झालो आहे आणि समितीने लेखिकेशी फोनवर बोलणं बरं दिसत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं लोक फोटो काढून फिरवतात. पत्राचं तसं नाही. हल्ली पाकीट हातात पडलं की माणूस ते विमा कंपनीचं समजून बाजूला ठेवतो. याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही.

झालं असं. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पैठणच्या शाळेकडून तुझी कथा आली. स्मरणिका छापखान्यात गेली. तिथल्या कुणीतरी तुझ्या कथेतलं एक पान शेजाऱ्याला दाखवलं, शेजाऱ्याने आणखी कुणाला, आणि असं करत करत छापण्याआधीच त्या पानाच्या दोन आवृत्त्या संपल्या. शेवटी बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. कारभारी अण्णांना तू ओळखतेस. लासूर स्टेशनच्या मार्केटात कांद्याची पारख करता करता शिक्षणक्षेत्रात आलेले. त्यांनी पान वाचलं नाही. "मी असलं वाचत नसतो," म्हणाले, आणि न वाचताच छपाई थांबवली.

मग तिघांची समिती नेमली: गृहविज्ञानाच्या सुलेखा मॅडम, वाणिज्यचे अतुल सर आणि संस्कृतचा मी. माझी निवड कशी, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, "संस्कृतवाला माणूस सोवळा असतो." आपल्या घराण्यात ही पदवी पहिल्यांदाच आली, म्हणून तुला कळवतो. मी सांगितलं, लेखिका माझी भाची आहे. ते म्हणाले, "मग तर तुम्हीच पाहिजे. घरचा माणूस जास्त कडक वागतो."

आता चेष्टा बाजूला. तुझी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं पुरी होत आली आणि तुला कायम करायचा आदेश अण्णांच्या टेबलावर आहे. त्यांनी सरळ सांगितलं: पान निघालं तर सही, राहिलं तर विचार करू. संस्थेत 'विचार करू' म्हणजे काय ते तुला कळतं. तेव्हा मुकाट्याने पान काढून टाक, असं सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर बघतो तर ते वाक्य लिहायचंच राहिलं आहे. तुझं तू ठरव.

तुझा,
संघपाल मामा


पैठण,
१३ जानेवारी २०२५

मामा,

जय भीम. तुमचं सुरक्षित पाकीट शिपायानं भर स्टाफरूममध्ये आणून दिलं. हेडसर म्हणाले, "कोर्टाचं आहे का?" मी म्हणाले, मामाचं आहे. यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. दोन मॅडम तर माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होत्या, की मलाच वाटलं काहीतरी केलंय बहुतेक मी.

तुम्ही पान वाचलंय. पण समितीत बसल्यावर माणूस वाचलेलं विसरतो, म्हणून पुन्हा सांगते. सांडू शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळीला. दगडाबाई दिवसा लोकांच्या वावरात. हा येतो तेव्हा ती निघालेली असते, ती येते तेव्हा हा डबा भरत असतो. लग्नाचं आख्खं आयुष्य असं उंबऱ्यात एकमेकांना ओलांडण्यात गेलंय. मग त्याची पाळी बदलते आणि सुटीच्या एका दिवशी दोघं घरात असतात. मी लिहिलंय ते एवढंच:

'दगडाबाईनं भर दुपारी दार लावलं. कडी बसेना, म्हणून पाट्याचा दगड लोटून ठेवला. "आज नाय म्हणू नका," ती म्हणाली. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. त्याच्या हाताच्या रेघांत कंपनीचं काळं तेल. तिनं चोळीची गाठ सोडली, त्याचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आन् म्हणाली, "बघा, अजून हाय."'

आता हे काढलं तर मागं काय राहतं? नवरा कामावर जातो, बायको कामावर जाते. हे तर एस.टी.चं वेळापत्रक झालं.

नोकरी मला लागते, मामा. आदेश आला नाही तर जूनमध्ये मी घरी, आणि इथं दुसरी जागा नाही. आई म्हणते, पान काय घेऊन बसलीस, आख्खी कथाच काढ आणि एखादी पर्यावरणावर लिही. मला रात्रभर तेच पटत राहतं आणि सकाळी उठले की पटत नाही.

तुम्ही मामा म्हणून सांगू नका, समिती म्हणूनही सांगू नका. वाचणारा माणूस म्हणून सांगा: हे अश्लील आहे का?

तुमची,
रत्नमाला


छत्रपती संभाजीनगर,
२७ जानेवारी २०२५

रत्ना,

समितीची पहिली बैठक पार पडली. अण्णा खास उपस्थित होते. त्यांनी सुरुवातीलाच घालून दिलं, की आक्षेपार्ह मजकूर न उच्चारता त्यावर चर्चा करायची. त्यामुळे आम्ही त्याला 'तो भाग' म्हणू लागलो. त्या भागात एक विशेष भाग आहे, तो 'त्या भागातला तो भाग'. तासाभराने आमच्या बोलण्याला असा काही रंग चढला, की चहा घेऊन आलेला माणूस कप ठेवून दाराबाहेर घुटमळला. तुझं पान मोठ्याने वाचलं असतं तर तो लगेच गेला असता.

अतुल सरांचा आक्षेप वेळेला आहे. "दुपारी का? दुपारी माणसानं काम करावं. हेच रात्री झालं असतं तर ते कौटुंबिक झालं असतं."

मी म्हटलं, "सर, तो रात्रपाळीला असतो. कथा तीच आहे."

"मग त्यानं रजा काढावी," ते म्हणाले.

सुलेखा मॅडमनी पान पुन्हा एकदा वाचून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "यात विचारते ती बाई. त्या माणसानं विचारलं असतं तर आपण चौघं इथं बसलोच नसतो." हा आक्षेप होता की टोला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. अण्णांनी तो आक्षेप धरला आणि लिहून घ्यायला सांगितला.

लिहिण्यावर गाडी अडली. अहवालात आक्षेपार्ह मजकूर उतरवावा लागतो, त्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. पण संस्थेच्या दप्तरात पन्नास वर्षांत असलं काही गेलेलं नाही, आणि टाइप करणाऱ्या बाई सोमवारचा उपास करतात. तेव्हा अतुल सरांना सुचलं, "संस्कृतात लिहिलं तर?" अण्णांचा चेहरा उजळला. आक्षेपार्ह मजकूर दप्तरात राहील आणि दप्तर विटाळणार नाही. काम माझ्याकडे आलं.

हसू नकोस. आमच्या धंद्यात हे जुनंच आहे. मी बी.ए.ला महाकाव्य शिकवतो. नायक-नायिकेचा एकांत सुरू झाला, की "हे श्लोक सुलभ आहेत, घरी बघा" असं म्हणून चार पानं उलटतो. माझ्या सरांनी मला असंच शिकवलं. मुलं ते श्लोक इतक्या निष्ठेने घरी बघतात, की परीक्षेत तेवढेच बिनचूक येतात.

तू विचारलेल्या प्रश्नाचं म्हणशील, तर तो सुलभ आहे. घरी बघ.

संघपाल मामा


पैठण,
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

उत्तर टाळलंत. तुमच्या वर्गातल्या पोरांनाही कळत असेल, सर पान उलटतात तेव्हा सरांचे कान लाल झालेले असतात.

आणि दगडाबाईला संस्कृतात नेताय, तर तिला विचारलंत का? ती शेंद्र्याला बसनं जाते, तेव्हाही कंडक्टरला दोनदा विचारून चढते.

रत्नमाला


छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

जिंकलो. आधी वाच, मग चिड.

कालच्या बैठकीत मी 'त्या भागाचं' संस्कृत वाचलं. दोनच ओळी आहेत:

मध्याह्ने पिहितद्वारे गृहे सा प्रियमब्रवीत् ।
नाथाद्य मा निषेधेति तत्करं हृदये न्यधात् ॥

वाचताना वर बघितलं, तर अण्णांनी डोळे मिटून हात जोडलेले. त्यांचं बघून अतुल सरांनीही जोडले. मग अण्णा म्हणाले, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "अंगावर काटा आला बघा. यात काय अश्लील आहे? कुणी म्हटलं अश्लील?" कुणीच म्हटलं नव्हतं, असं ठरलं.

तेव्हा निर्णय असा: कथा छापायची. फक्त ते पान मराठीत न छापता तिथे हा श्लोक छापायचा, महिरप काढून. शिवाय दोन मार्चला सुवर्णमहोत्सवाचा समारंभ आहे, स्मरणिका त्यानंतर निघेल; त्या समारंभात हा श्लोक म्हणायचा, आणि तो स्वतः अण्णा म्हणणार. माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलाय, घरी पाठ करतायत. त्यानंतर लेखिका म्हणून तुला मंचावर बोलावून भावार्थ सांगायला लावणार. पतिपत्नीचं मंगल नातं वगैरे दोन वाक्यं बोल आणि खाली बस. समारंभ संपला की सही. त्यांनी माझ्या देखत आदेश वरच्या खणात ठेवला.

कान लाल झाल्याचं मान्य. पण तुझं पान गेलं नाही, तुझी नोकरी गेली नाही, आणि माझं वृत्तही कुठे मोडलं नाही. मामाने याहून काय करायचं?

संघपाल मामा


पैठण,
२० फेब्रुवारी २०२५

मामा,

श्लोक पाच-सहा वेळा वाचला. दहावीला संस्कृतात मला पंच्याऐंशी होते, विसरलात बहुतेक. वृत्त छान आहे. मला चिडता येईना इतकं छान आहे, म्हणून जास्त चिडले.

माझ्या बाईनं त्याचा हात छातीवर ठेवला होता. तुम्ही तो हृदयावर ठेवलात. ती त्याला 'नाथ' म्हणते? तिनं उभ्या जन्मात त्याला कशानंच हाक मारलेली नाही, 'अवं' म्हणते. कांद्याचा वास गेला. काळं तेल गेलं. आणि 'बघा, अजून हाय' कुठंय? त्या एका वाक्यासाठी मी कथा लिहिली होती. म्हातारी होत चाललेली बाई नवऱ्याला सांगते, की तुम्ही नव्हतात तेवढ्यात सगळं संपलेलं नाही. ते वाक्य तुम्हीच काढलंत. अण्णांनी नाही काढलं.

आणि कळतंय का, तुम्ही काय सिद्ध केलंत? दगडाबाई जे करते ते वाईट नाही, दगडाबाई ज्या भाषेत बोलते ती वाईट. हे आपल्या घरात बसून तुम्ही सिद्ध केलंत.

सहीसाठी मी गप्प बसेन असं मला चार दिवस वाटलं. भावार्थ सांगायला येते. सकाळच्या बसनं निघेन.

रत्नमाला


छत्रपती संभाजीनगर,
६ मार्च २०२५

रत्ना,

तू माईकपाशी उभी होतीस, तेव्हा समोरून काय दिसलं ते तुला ठाऊक नसणार, म्हणून लिहितो.

अण्णांनी श्लोक न अडखळता म्हटला. मंडप भरलेला. पुढच्या रांगेने हात जोडले, मागच्यांनी पुढच्यांचं बघून जोडले. मग तू उठलीस. भावार्थ म्हणून तू पर्समधून आपलं पान काढलंस आणि जसंच्या तसं वाचलंस. लोकांचे हात जोडलेलेच होते. 'चोळीची गाठ' आली तेव्हा ते सोडावेत की राहू द्यावेत, हे कुणाला ठरवता येईना. अतुल सरांनी अर्धे सोडले. अण्णांच्या पत्नी सरूबाई पहिल्या रांगेत होत्या. तू 'अजून हाय' म्हणालीस तेव्हा त्या नवऱ्याकडे वळून बघत राहिल्या, तुझं वाचून संपलं तरी. टाळ्या फक्त सुलेखा मॅडमनी वाजवल्या. एकट्याने वाजवायला धीर लागतो. माझे हात जोडलेलेच होते, ही माझी हकिकत.

तू पैठणची बस धरलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी समितीला बोलावलं. लाल झाले होते. "श्लोक एवढा शुद्ध होता. त्या बाईनं अर्थ बिघडवला. भर सभेत घाणेरडं भाषांतर केलं."

लक्षात आलं ना? त्यांनी मराठी पान कधी वाचलेलंच नव्हतं. त्यांच्या लेखी मूळ श्लोक, आणि तुझं मराठी ही त्याची विटंबना. समितीपुढे नवा विषय आला: मूळ संस्कृताचा विपर्यास केल्याबद्दल रत्नमाला मॅडमवर काय कारवाई करावी. तज्ज्ञाचं मत म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला. मी 'अर्थ चुकीचा' एवढं लिहिलं असतं, तर सुटलो असतो. विभागप्रमुख राहिलो असतो, सोवळा राहिलो असतो.

तुझं वीस तारखेचं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, "अण्णा, मूळ मराठीच आहे. श्लोक हे त्याचं भाषांतर. ते मी केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बाईंनी वाचलं तेच तुम्ही म्हटलंत. फक्त माझ्या भाषांतरात काही गोष्टी पडल्या. पडल्या म्हणजे मी पाडल्या."

"छाती?"

"छातीचं मी हृदय केलं."

"आणि ती गाठ?"

"गाठ मी सोडून दिली."

सुलेखा मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. अण्णांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "सर, मी ते माईकवर म्हटलंय."

"हो."

"हात जोडून."

"हो. उच्चार उत्तम होते."

"पोरांनी त्याचा व्हिडिओ संस्थेच्या फेसबुक पानावर टाकलाय. कालपासून हजारो लोकांनी बघितलाय."

आता तूच बघ, मजकूर अश्लील ठरला तर तो भर सभेत म्हणणारा कोण ठरतो? अतुल सर हिशोबाचे मास्तर, त्यांना हे सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी ठराव सांगितला आणि मी लिहून घेतला: 'सदर मजकूर मा. अध्यक्षांनी स्वमुखे म्हटलेला असल्याने तो अश्लील असू शकत नाही. सबब तो मूळ मराठीत छापण्यात यावा.' कला आणि अश्लीलता यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, यावर मी संस्कृतातले बरेच ग्रंथ वाचले. इतकी सरळ रेघ कुठे सापडली नव्हती. ठरावाच्या सहीबरोबरच तुझ्या आदेशावरही सही झाली. त्यांना बहुधा सगळे कागद एकदाच डोळ्यांआड करायचे होते.

तू विचारलं होतंस ते राहिलं. वाचणारा माणूस म्हणून सांगतो. तुझं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि तुझ्या मामीला हाक मारली. काही काम नव्हतं, सहज मारली. अश्लील काय असेल तर माझा श्लोक. त्याच्या प्रत्येक शब्दाला ठाऊक आहे, की आपण काय झाकतो आहोत.

संघपाल मामा


पैठण,
१९ मार्च २०२५

मामा,

जय भीम. आदेश मिळाला. हेडसरांनी पेढे वाटले आणि मला हळूच म्हणाले, पुढची कथा आधी आम्हाला दाखवा, आम्ही तिचं संस्कृत करून घेऊ. त्यांना वाटतं संस्थेत आता हीच पद्धत आहे.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. 'मामीला हाक मारली' इथं ती थांब म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली. पर्यावरणाचं काही बोलली नाही. मी तुमच्यावर जे लिहिलं ते जास्त झालं होतं, पण परत घेत नाही. तुम्ही तसं म्हणणारही नाही.

काल एक गोष्ट झाली, ती सांगायला लिहितेय. मधल्या सुटीत शाळेसमोर गाडी थांबली आणि सरूबाई उतरल्या. एकट्याच. अण्णांना पैठणला देवाला जाते म्हणून सांगून आल्या होत्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. मी खुर्ची दिली तर म्हणाल्या, "तू बी बस. मला मान वर करून बोलायला जमत नाय."

मग म्हणाल्या, "आमचे मालक दोन-अडीच आठवडे रोज सकाळी आंघोळ करून माझ्या म्होरं बसायचे आन् ते म्हणायचे. चुकलं की पहिल्यापासून. मला वाटलं देवाचं हाय. मी उदबत्ती लावायचे."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तू मंडपात अर्थ सांगितला तवा कळलं. इतके दिस ह्यो माणूस माझ्या तोंडाकडं बघून हे म्हणत व्हता, आन् मी आपली डोळे मिटून बसलेली."

हसल्या नाहीत, मामा. पदराशी खेळत बसल्या. मी विचारलं, "अण्णा काय म्हणतात?"

"त्या दिवसापासनं म्हणायचं बंदच केलंय. माझ्याकडं बघत बी नायत. लाजतेत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते मराठीतलं लिहून दे. मोठ्या अक्षरात. त्यांना बारीक दिसत नाय."

मी म्हणाले, "ते वाचतील?"

"पाठ करतील. पाठ करायची सवय लागलीय आता," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला मी उदबत्ती लावत नाय. डोळे उघडे ठिवून ऐकते."

तुमची,
रत्नमाला